पेटी आपली, मग तिच्या पोटांतील मजकूर कोणाचा?

महसूल खात्याच्या कारकुनींत माझी उमर गेली. त्या नोकरीनें एक गोष्ट मनावर पक्की ठसविली ती ही, कीं जमीन कसतो कोण हें एक आणि दप्तरांत नांव कोणाचें हें दुसरें. ताबा एकाचा व हक्क दुसऱ्याचा अशी जेथें फारकत पडते, तेथें आज ना उद्यां कज्जा उभा राहतोच. पेन्शन घेऊन पैठण तालुक्यांतील शेतावर राहावयास आलों, तेव्हां या प्रश्नाशीं माझा संबंध सुटला असें वाटलें होतें. परंतु विहिरीवर बसविलेल्या एका वीतभर पेटीनें तोच जुना प्रश्न नव्या वेषांत समोर आणून उभा केला. तो आपल्या सभासद बंधूंपुढें मांडावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

आमची तीन एकर मोसंबी आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें कधीं दिवसा तर कधीं रात्रीं येते, आणि अपरात्रीं विहिरीवर जाणें म्हणजे विंचूकाट्याशीं गांठ. म्हणून चार वर्षांपूर्वीं छत्रपती संभाजीनगरच्या बाजारांतून मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारी एक पेटी आणून स्टार्टरला जोडली व वस्तीवरच्या वायफायशीं तिची गांठ घातली. मोबाईलवरून पंप चालविणें ही आपल्या प्रांतास नवलाई नव्हे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणानें हें काम फार पूर्वींच करून दाखविलें, आणि २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत त्यास बक्षीसहि मिळालें. आमच्या पेटीनेंहि दोन हंगाम चोख चाकरी केली. तिसऱ्या वर्षीं, ऐन उन्हाळ्यांत, आंबे बहाराचीं फळें सुपारीएवढीं असतां ती मुकी झाली. मोटर जळाली नव्हती, पेटी बिघडली नव्हती, वीजहि होती. मात्र जिनें ती विकली त्या कंपनीनें आपला धंदा गुंडाळला होता, आणि ज्या दूरच्या संगणकाकडून ही पेटी हुकूम घेत असे तो संगणकहि बंद केला होता. विहीर माझी, मोटर माझी, पैसे मोजले तेहि मीं. हुकूम मात्र परक्याचा! आठ दिवस कंदील घेऊन विहिरीवर जातांना मीं याचाच विचार केला.

पेटीच्या पोटांत काय असतें तें आधीं सांगतों. तिच्यांत नखाएवढी एक चिप असते; तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आमच्या पेटींत शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही चिप निघाली. ती २०१६ सालीं बाजारांत आली. तिची थोरली बहीण ईएसपी८२६६ ही २०१४ ची. किमतीनें स्वस्त आणि अंगचेंच वायफाय असलेल्या, म्हणून घरगुती व शेतीच्या कित्येक पेट्यांत या दोघींपैकीं एक सांपडते. चिप हा नुसता सालगडी समजावा. काय करावयाचें तें त्यास लिहून द्यावें लागतें, आणि तें लिहिलेलें बाड म्हणजेच फर्मवेअर. वीज गेली तरी तें पुसलें जात नाहीं. जमीन तीच ठेवून पीक पालटावें, त्याप्रमाणें पेटी तीच ठेवून हें बाड पालटतां येतें.

पूर्वीं हें काम जाणत्या कारागिराचेंच होतें. संगणकावर निरनिराळीं साधनें बसवावीं, काळ्या पडद्यावर इंग्रजी हुकूम टंकावे, आणि एक अक्षर चुकलें कीं पुन्हा मूळपदावर यावें, असा तो खटाटोप असे. मार्च २०२१ मध्यें क्रोम ब्राउझरच्या ८९ व्या आवृत्तींत ‘वेब सीरियल’ नांवाची सोय आली. ज्या ब्राउझरांत आपण मोंढ्याचे भाव पाहतों, त्याच ब्राउझरांतील पानास त्या दिवसापासून संगणकाला तारेनें जोडलेल्या पेटीशीं बोलतां येऊं लागलें. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरांतहि ही सोय आहे. ॲपलच्या सफारींत नाहीं. पान आपण होऊन पेटीस हात लावूं शकत नाहीं, हें मुद्दाम ध्यानांत ठेवावें. ब्राउझर आधीं जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवितो, आणि माणसानें स्वतः त्यांतून एक निवडून संमति दिल्यावरच पुढील व्यवहार होतो. सहीवांचून फेरफार नाहीं, तसाच हा नियम.

आमच्या भावकींतला एक मुलगा शहरांत अभियांत्रिकी शिकतो. सुट्टींत आला असतां त्यानें ही पेटी खांबावरून उतरविली. प्रथम त्यानें मेन स्विच पाडून स्टार्टरकडच्या साऱ्या तारा सोडविल्या, आणि मगच झांकण उघडलें. आंत युएसबीचें तोंड नव्हतें; म्हणून ३.३ व्होल्टचा एक लहानसा जोड घेऊन चार तारांनीं त्यानें ती संगणकास जोडली. चिप जागी होतांना तिची शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडला टेकलेली असली, म्हणजे ती जुनें बाड न वाचतां नवें घेण्यास तयार होते. कित्येक बोर्डांवर याचसाठीं ‘बूट’ नांवाचें बटण असतें. ही तयारी ज्या मजकुरामुळें होते तो कारखान्यांतच कोरलेला असून कोणास पुसतां येत नाहीं. म्हणून बाड भरतांना मध्येंच वीज गेली तरी चिप मरत नाहीं; पुन्हा पहिल्यापासून भरावें, इतकेंच.

नवें भरण्यापूर्वीं त्यानें जुन्या बाडाची जशीच्या तशी नक्कल संगणकावर उतरवून ठेवली. हें पाहून माझ्यांतला कारकून संतुष्ट झाला. नंतर ब्राउझरांत ‘टास्मोटा’चें पान उघडून त्यानें तें फर्मवेअर भरलें. टास्मोटा हें नेदरलंडमधील थिओ एरेन्ट्स यांनीं सुरू केलेलें व कोणासहि फुकट वापरतां येणारें बाड आहे. त्याचा मूळ मजकूर उघडा असल्यानें ज्यास कळतें त्यास तो तपासतां येतो. भरण्याचें काम चहा निवण्यापूर्वीं संपलें. मात्र कोणती पिन कोणत्या रिलेची हें शोधण्यांत सारी दुपार गेली. कारण कंपनीनें त्याचा तक्ता कोठेंच दिला नव्हता. संध्याकाळीं पेटी पुन्हा खांबावर चढली, आणि आतां ती दूरच्या कोणा संगणकाची वाट न पाहतां वस्तीवरच्या वायफायवरून आमचाच हुकूम ऐकते.

या अनुभवावरून माझें मत असें बनलें आहे, कीं ज्या पेटींतील मजकूर मालकास बदलतां येत नाहीं, ती पेटी त्यानें विकत घेतली असें म्हणणें चूक आहे. ती त्यानें खंडानें घेतली. ब्राउझरांतून फर्मवेअर भरण्याची सोय मला मोलाची वाटते ती यासाठीं, कीं तिच्यामुळें मालकीचा हा हक्क साधारण शेतकऱ्यास प्रत्यक्ष बजावतां येईल इतका सोपा झाला.

यावर कोणी म्हणतील, “हें कांहीं शेतकऱ्याचें काम नव्हे.” असेंच मीहि एकदां म्हटलें होतें. २०२१ सालीं ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावी असें ठरलें, तेव्हां आम्ही कचेरींतले लोक हंसलों होतों. अडचणी आल्या, चुका झाल्या, हें खरें. परंतु आज माझ्याच गांवांतील सातवी शिकलेला शेतकरी बांधावर उभा राहून ती नोंद करतो. जें काम कचेरीच्या मुठींत असतें तें अवघड भासतें. मूठ उघडली कीं तें तितकें अवघड राहत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाड कोणासहि बदलतां येऊं लागलें तर एखादा लबाड मनुष्यहि तें बदलील, असें कंपन्या म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. याचसाठीं ईएसपी३२ मध्यें ईफ्यूज नांवाच्या बारीक जागा ठेवलेल्या आहेत. त्या एकदां जाळल्या कीं पूर्ववत् होत नाहींत. त्यांच्या साहाय्यानें कंपनीला ‘सिक्युअर बूट’चें कुलूप लावतां येतें, मग कंपनीच्या सहीवांचून दुसरें कोणतेंहि बाड ती चिप चालवीत नाहीं. आमच्या पेटीस असें कुलूप नव्हतें हें आमचें दैव. असतें तर ती पेटी भंगारांतच गेली असती. कुलपास माझा विरोध नाहीं. परंतु घर विकल्यावर किल्ली विकणाऱ्यानेंच खिशांत ठेवावी, आणि पुढें गांव सोडून निघून जावें, हा कोणता न्याय?

हा प्रश्न केवळ आपल्या बांधापुरता नाहीं. अमेरिकेंत ट्रॅक्टरांतील संगणकी कुलपांमुळें शेतकऱ्यांस स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करतां येईना. तेव्हां कोलोरॅडो संस्थानानें २०२३ सालीं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं जी समिति नेमली, तिच्या कक्षेंतहि शेतीची अवजारें घेतलेलीं आहेत. म्हणजे मागणी रास्त आहे हें राज्यकर्त्यांसहि पटूं लागलें आहे. मागणारानें तोंड उघडावयाचें आहे.

आतां सावधगिरीचे चार शब्द. मोटरीच्या पॅनेलांत थ्री फेज वीज खेळते. पेटी जागेवर असतांना तिला संगणकाची तार कधींहि लावूं नये. काढून घरीं आणावी, आणि वायरमनच्या हातूनच पुन्हा जोडावी. कांहीं युएसबी केबल केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांवरून बाड जात नाहीं. ब्राउझरास पेटी दिसेना तर प्रथम केबल बदलावी. वीज जाऊन आली असतां रिले बंदच राहील अशी योजना करावी. टास्मोटांत ‘पॉवर ऑन स्टेट’ शून्य ठेवल्यानें हें साधतें. एरवीं तें रिलेची मागची स्थिति आठवून मोटर आपोआप चालू करूं शकतें, आणि विहिरींत पाणी नसल्यास मोटर जळेल. पेटी वेळ इंटरनेटवरून घेते. वीज आली पण नेट आलें नाहीं, तर वेळेवर लावलेल्या पाळ्यांवर भरंवसा ठेवूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कोणीहि पाठविलेल्या दुव्यावरून बाड भरूं नये. ज्याचें बाड त्याच्याच मूळ पानावरून तें घ्यावें. कारण पेटीला आपल्या वायफायचा परवलीचा शब्द ठाऊक असतो. वॉरंटीची मुदत असेपर्यंत आधीं दुकानदाराकडे दाद मागावी हेंच शहाणपणाचें.

आपली संस्था खतें व बियाणें एकत्र खरेदी करते. आतां अशा पेट्यांचीहि मागणी सभासदांकडून येऊं लागली आहे. तरी संचालक मंडळानें खरेदीपूर्वीं विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्या, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली, इंटरनेट किंवा कंपनीचा संगणक बंद असला तरी पेटीचें मूळ काम चालावें. दुसरी, पिनांचा तक्ता व मूळ फर्मवेअरची फाईल पेटीबरोबर मिळावी. तिसरी, पेटीस कुलूप असेल तर तें आधीं सांगावें, आणि धंदा बंद करण्यापूर्वीं कुलूप नसलेलें बाड आपल्या सहीनें द्यावें. याखेरीज संस्थेच्या कचेरींत एक संगणक, एक चांगली केबल आणि हें काम शिकलेला एक होतकरू मुलगा असावा; त्याचा खर्च जळालेल्या एका मोटरीहून अधिक येणार नाहीं.

जुन्या बाडाची ती नक्कल मीं आमच्या सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारीं जपून ठेवली आहे. तिचा उपयोग पुन्हा होईल असें नाहीं. परंतु ज्या वस्तूचे पैसे आपण मोजले, तिचा कागद आपल्या घरीं असावा, ही संवय शेतकऱ्यानें सोडूं नये.