पडद्याआडचा श्रोता

ऑनलाइन मानसोपचाराविषयी बोलण्याची आपल्या साहित्यवर्तुळात एक ठरावीक रीत पडून गेली आहे. आधी एक स्मित, मग 'पडद्यावरून का कुठे मन कळते?' हा प्रश्न, आणि शेवटी उसासा : पूर्वी माणसाला माणूस होते, ओवी होती, कीर्तन होते, आता तासाच्या दराने श्रोता विकत घ्यावा लागतो! लग्न मोडलेली, निवृत्त झालेली, परगावी एकटी पडलेली माणसे संगणकासमोर बसून एका अनोळखी व्यक्तीला आपले सांगतात, याची आपल्या प्राध्यापकमंडळींना कीव येते. ही कीव अज्ञानातून आलेली आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तर ती मुळीच शोभत नाही.

'समोरासमोर' हा शब्द आपण मोठ्या विश्वासाने वापरतो. पण फ्रॉइडच्या खोलीत रुग्ण कोचावर पडलेला असे आणि फ्रॉइड त्याच्या उशापाठीमागे, नजरेआड. चेहरा दिसू नये म्हणूनच ती रचना होती. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या 'छोट्या हान्स'च्या प्रसिद्ध प्रकरणात तर उपचार मुख्यत्वे मुलाच्या वडिलांनी केले. ते फ्रॉइडला कळवत आणि त्याचा सल्ला घेत. उपचाराच्या काळात फ्रॉइड त्या मुलाला एकदाच भेटला. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यात वाचक जे प्रश्न विचारत, ते घरातल्या कोणापुढे उच्चारणेही त्यांना शक्य नव्हते. याच प्रश्नोत्तरांवरून कर्व्यांवर खटला झाला आणि १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. अंतर हा संवादातला अडथळा असतो, असे मानणाऱ्यांनी या पत्रव्यवहाराचा विचार करावा. तिथे अंतर होते म्हणूनच संवाद झाला.

ओवीचेही तेच. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांकडे आपण लोकपरंपरेचे वैभव म्हणून पाहतो. पण पहाटेच्या अंधारात बाई आपला सासुरवास जात्याला, विठ्ठलाला, दूरच्या भावाला का सांगत होती? घरात ऐकणारे कोणी नव्हते म्हणून. तिच्या एकटेपणाला समाजाच्या ऐक्याचे प्रमाणपत्र म्हणून मिरवणे, ही रसिकता नव्हे.

'पूर्वी विधी होते, ते माणसाला आयुष्याच्या एका टप्प्यावरून दुसऱ्यावर अलगद नेत' हा युक्तिवाद अधिक विद्वत्तापूर्ण वाटतो. आर्नल्ड व्हॅन जेनेप याने संक्रमणविधींची मांडणी केली तीही १९०९ मध्येच : विलग होणे, उंबरठ्यावर असणे, पुन्हा सामावले जाणे. मांडणी सुंदर आहे. पण केशवपनाचा विधी विधवेला कुठे सामावून घेत होता? तिला उंबरठ्यावरच जन्मभर उभे ठेवण्याची ती व्यवस्था होती. आणि घटस्फोटाला, नोकरी सुटण्याला, मुले परदेशी गेल्यावर रिकाम्या झालेल्या घराला आपल्या परंपरेत विधी आहे कोणता? जिथे विधी नाही तिथे माणूस बोलणार. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या व्यक्तीशी बोलणे हाही एक विधीच होय.

याचा अर्थ ऑनलाइन मानसोपचार निर्दोष आहे असा नव्हे. अमेरिकेतील 'बेटरहेल्प' या कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. दोन खोल्यांच्या घरात सुनेने दार लावून कोणाशी बोलावे, हाही साधा प्रश्न नाही. पण हे आक्षेप आपली मंडळी घेत नाहीत. आणि जो आक्षेप घेणे केवळ त्यांनाच शक्य आहे, तो तर त्यांना सुचतही नाही. तो आक्षेप भाषेचा आहे.

आई गेल्यावर एखादी बाई म्हणते, 'माझं माहेर संपलं.' या तीन शब्दांत आईचा मृत्यू आहे, भावाच्या संसारातले बदललेले स्थान आहे, आणि हक्काने जाऊन पडण्याची एकमेव जागा गेल्याचे दुःख आहे. हे आयुष्यातले फार मोठे संक्रमण आहे. पण इंग्रजीत शिकलेल्या समुपदेशकापुढे तिचे वाक्य 'ग्रीफ' होते, आणि त्यातले निम्मे दुःख बाहेरच राहते. 'करमत नाही' म्हणजे 'डिप्रेशन' नव्हे. 'जिवाला घोर लागला' म्हणजे नुसती 'अँग्झायटी' नव्हे. रुग्णही हळूहळू 'टॉक्सिक', 'बाउंडरी', 'ट्रॉमा' या शब्दांत आपले आयुष्य सांगू लागतात, आणि आपण स्वतःचे नव्हे, तर कोणा भलत्याचेच सांगत आहोत हे त्यांना कळतही नाही.

या उपचारपद्धतीला 'बोलण्याचा उपचार' हे नाव एका रुग्ण स्त्रीनेच दिले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथातली 'ॲना ओ.', म्हणजे बेर्टा पापेनहाइम. आजाराच्या काही काळात तिची जर्मन हरपली होती, ती फक्त इंग्रजी बोलत असे. म्हणून ते नावही इंग्रजीतच जन्मले. तिची मातृभाषा आजाराने नेली. आमचे रुग्ण धडधाकट मातृभाषा असताना ती चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवतात.

वस्तुतः पडद्यानेच यावर उपाय देऊ केला आहे. बंगळुरात एकट्या राहणाऱ्या मराठी माणसाला आता साताऱ्यातल्या मानसतज्ज्ञाशी मराठीत बोलता येते. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलण्याची सोय आहे. माणूस मिळू शकतो. पण त्याच्यापाशी शब्द हवेत. ते शब्द आमच्या ओव्यांत, कथा-कादंबऱ्यांत, आत्मचरित्रांत पडून आहेत. मराठी विभागांत आम्ही फ्रॉइड शिकवतो तो कादंबरीतल्या पात्रांना गंड चिकटवण्यापुरता. दोन इमारती पलीकडे मानसशास्त्राचा विद्यार्थी इंग्रजी पाठ्यपुस्तकातून मराठी माणसाचे दुःख ऐकायला शिकत असतो, आणि त्याच्याशी आमचा काही संबंध नसतो.

पडद्याला नावे ठेवणे सोपे आहे. त्या विद्यार्थ्याला आपल्या वर्गात बोलावून 'माहेर संपले' या शब्दांचा अर्थ समजावून सांगणे अवघड आहे. पण आपले काम तेच आहे.