वरच्या कपाटाला हात कोण लावणार?

स्वयंपाकघराचं काम काढलं, की घरात पहिली चर्चा होते ती रंगाची. सनमायकाचे जाडजूड कॅटलॉग टेबलावर पसरतात, नातेवाइकांच्या नव्या घरांचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि ऑफ-व्हाइट की राखाडी यावर दोन-दोन रविवार जातात. खालच्या ट्रॉल्यांचं बोलणंही बारकाईनं होतं. ताटांची ट्रॉली कुठे, कपबश्यांची कुठे, तेलाच्या बाटल्यांची उभी ट्रॉली गॅसच्या डावीकडे की उजवीकडे. वरच्या कपाटांचा विषय निघेपर्यंत मात्र सगळे थकलेले असतात. ‘ती करा नेहमीसारखी,’ असं मिस्त्रीला सांगून मंडळी मोकळी होतात.

या ‘नेहमीसारखी’चा हिशेब एकदा मांडायला हवा. ओट्याची उंची ३४ इंच, त्यावर २४ इंच मोकळी भिंत आणि तिथून वर कपाट. म्हणजे कपाटाचा तळ जमिनीपासून ५८ इंचांवर. आतला पहिला कप्पा तिथेच, दुसरा साधारण ७० इंचांवर, तिसरा असलाच तर ८२ इंचांवर. भारतातल्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच फूट. शिवाय समोर दोन फूट खोल ओटा असल्यानं भिंतीजवळ जाता येत नाही, हात तिरका वर न्यावा लागतो. पहिला कप्पा अशा बाईच्या कपाळासमोर येतो, दुसऱ्यातला डबा टाचा उंचावून बोटांच्या टोकांनी पुढे ओढावा लागतो आणि तिसऱ्यासाठी स्टूल आणावं लागतं. पुढची पंधरा-वीस वर्षं, दिवसातून कितीतरी वेळा. खांदे, मान आणि कंबर यांच्यावरचा हा भार सनमायकाच्या रंगानं हलका होत नाही.

म्हणून वरच्या कपाटांची निवड एका साध्या प्रश्नापासून सुरू व्हावी: रोज त्यांना हात कोण लावणार आहे?

हा प्रश्न घड्याळ लावून विचारला गेला, त्याला आता सुमारे शंभर वर्षं झाली. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये कामगारांसाठी मोठ्या वसाहती बांधल्या जात होत्या. मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी त्या घरांसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबात सत्तरेक चौरस फूट. मुंबईतल्या वन बीएचकेवाल्यांना हे माप ओळखीचं वाटेल. स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावलं आणि वेळ मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. तांदळासारख्या कोरड्या जिनसांसाठी हातात धरून ओतता येतील असे अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण केले, वर काचेच्या दारांची कपाटं केली. ‘फ्रँकफर्ट किचन’ नावानं गाजलेली ही रचना सुमारे दहा हजार घरांत बसली आणि आजच्या मॉड्युलर किचनची ती थेट पूर्वज मानली जाते. त्या आराखड्यात शोभेची कलाकुसर नव्हती. काम करणाऱ्या शरीराचा विचार होता. आपण मॉड्युलर किचन घेतलं, पण हा विचार बऱ्याचदा दुकानातच राहिला.

तर पहिलं काम उंचीचं. मोकळी भिंत २४ऐवजी १८ ते २० इंच ठेवली, की कपाटाचा तळ ५२ ते ५४ इंचांवर येतो आणि पाच फुटी माणसाला दोन्ही कप्पे सहज वापरता येतात. त्या जागेत मिक्सर भांड्यासकट बसतो का, एवढं आधी मोजून घ्यावं. अपवाद गॅसच्या वरचा. शेगडी आणि चिमणी यांच्यात साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवायला उत्पादक सांगतात, त्यात तडजोड नको. मग चिमणीचा तळ वर आणि शेजारच्या कपाटांचा खाली, अशी रेषा तुटते. डिझायनरला ते खटकतं. फोटोत ती रेषा तुटलेली दिसली तरी हरकत नाही. हात पोचला पाहिजे.

दुसरं काम खोलीचं. वरची कपाटं सहसा १२ ते १४ इंच खोल असतात. यातल्या दोन इंचांवर बरंच काही अवलंबून आहे. १२ इंचांच्या कपाटातून शटरची आणि मागच्या प्लायची जाडी वजा केली, की आत अकरा-सव्वाअकरा इंच उरतात. बारा इंच व्यासाचं जेवणाचं स्टीलचं ताट त्यात आडवं ठेवलं, की शटर लागत नाही. म्हणून माप देताना घरातलं सर्वांत मोठं ताट आणि सर्वांत मोठा डबा मिस्त्रीसमोर ठेवावा. कपाट १४ इंचांवर नेलं, तर ओट्यावर वाकून पोळ्या लाटताना कपाळ त्याच्या कडेला लागत नाही ना, हेही पाहावं. घरात उंच माणूस स्वयंपाक करत असेल, तर ताटं खाली ट्रॉलीत न्यावीत आणि वरची खोली १२ इंचच ठेवावी.

आता शटर. बाजूला उघडणारं शटर सर्वांत स्वस्त, दुरुस्तीला सोपं आणि गावोगावच्या सुतारांच्या हातातलं. त्याचा धोका एकच, पण खराखुरा: उघडं राहिलेलं शटर आणि त्याचा टोकदार कोपरा. खाली वाकून कणीक मळणारी बाई सरळ होते आणि कोपरा नेमका डोक्यात बसतो. शटरची रुंदी १८ इंचांच्या आत ठेवली, मोठ्या कपाटाला एकाऐवजी दोन अरुंद शटरं दिली आणि ती पूर्ण मागे वळतील अशा बिजागऱ्या लावल्या, तर हा त्रास बराच कमी होतो.

वर उचललं जाणारं शटर या दुखण्यावरचं उत्तर म्हणून विकलं जातं. उघडलं की ते डोक्याच्या वर जातं, दोन्ही हात मोकळे राहतात, आतलं सगळं एका नजरेत दिसतं. पण तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच शटर पूर्ण वर गेलं, की त्याचं हँडल साडेसहा फुटांच्याही वर जातं आणि बुटक्या माणसाला ते खाली ओढता येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक, मधोमध दुमडणारं शटर. ते कमी उंचीपर्यंतच वर जातं. दोन, हात सोडाल तिथे थांबणारी यंत्रणा. ऑस्ट्रियाची ब्लुम, जर्मनीच्या हेट्टिच आणि हाफेले या कंपन्यांच्या अशा यंत्रणा आपल्याकडे मिळतात, पण बिल वाढतं. स्वस्तातला गॅसपंप काही वर्षांत दमतो आणि मग शटर वर थांबेनासं होतं. बजेट बेताचं असेल, तर सगळीकडे हलका पंप लावण्यापेक्षा रोज उघडलं जाणारं एकच कपाट चांगल्या यंत्रणेचं करावं आणि बाकीची साधी ठेवावीत.

अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतली काच सध्या जोरात आहे. ती वाफेनं फुगत नाही, वाळवी तिला लागत नाही आणि पावसाळी कोकणात हा मोठा गुण आहे. काच टफन्ड असावी. पारदर्शक काचेमागे रोज नीटनेटके डबे मांडण्याची हौस नसेल, तर उभ्या रेघांची किंवा धुरकट काच घ्यावी. आत काय आहे याचा अंदाज येतो आणि पसारा झाकला जातो.

उघड्या फळ्यांची फॅशनही आली आहे. पांढरी भिंत, लाकडी फळी, त्यावर चार बरण्या आणि एक मनीप्लँट. ज्या स्वयंपाकघरात रोज मोहरी तडतडते, तिथे तेलाचा बारीक अंश हवेत उडतो आणि त्यावर धूळ बसून चिकट थर होतो. चिमणी असली तरी तो पूर्ण थांबत नाही. याचा अर्थ उघडी फळी आपल्याकडे चालतच नाही, असा नाही. घरोघरी भिंतीवर ठोकलेली स्टीलची, त्याआधीची पितळेची मांडणी उघडीच होती. ताटं उभी, वाट्या एकात एक, पेले उपडे, पळ्या-डाव खालच्या हुकांना. ती चालायची, कारण तिच्यावरचं जवळजवळ प्रत्येक भांडं रोज वापरलं आणि रोज घासलं जायचं. धुळीला बसायला सवड नव्हती. हा नियम आजही तसाच लागू आहे. रोजचे कप, चहा-साखर, मीठ, मिसळणाचा डबा उघड्या फळीवर खुशाल ठेवावेत. महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तूंना दार हवंच.

मांडणीचा आणखी एक मोठा गुण आपण नव्या किचनमध्ये हरवला. ती बऱ्याचदा मोरीच्या किंवा सिंकच्या वर असायची, ओली भांडी थेट तिच्यात जायची आणि पाणी खाली निथळायचं. फिनलंडमध्ये हीच गोष्ट वरच्या कपाटाच्या आत नेली गेली. तिथल्या कार्यक्षमता संस्थेत गृहकामाचा विभाग पाहणाऱ्या माइयू गेबहार्ड यांनी १९४४-४५च्या सुमारास सिंकच्या वर बसणारं, तळाला पाटाऐवजी जाळी असलेलं कपाट विकसित केलं. भांडी धुवायची, ओलीच आत ठेवायची आणि दार लावायचं. फडक्यानं पुसण्याचं काम संपलं. फिनलंडमध्ये आजही घराघरांत हे कपाट दिसतं. आपल्या मिस्त्रीला असं कपाट अजिबात अवघड नाही. सिंकवरच्या कपाटाला तळ ठेवायचा नाही, आत स्टीलची ताट-वाटीची जाळी बसवायची, बाजू आणि शटर पाण्याला दाद न देणारं घ्यायचं आणि हवा खेळायला वर फट सोडायची. ओट्यावरचं भांड्यांचं टोपलं तेवढं कमी होतं आणि छोट्या घरात दोन फूट ओटा मोकळा मिळणं ही चैन आहे.

दिसण्याचं सगळं ठरल्यावर न दिसणाऱ्या गोष्टींकडे वळावं. पैसे तिथेच वाया जातात किंवा वाचतात. कपाटाचा सांगाडा कशाचा आहे, हे बिलावर लिहून घ्यावं. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ हा शब्द कुणीही वापरतं. मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे आणि त्यातली चिकटाईची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. वरची कपाटं सिंकखालच्या कपाटाइतकी भिजत नाहीत, त्यामुळे सगळीकडे मरीन प्लाय लागतोच असं नाही. गॅसच्या दोन्ही बाजूंची आणि सिंकवरची कपाटं मात्र चांगल्या प्लायचीच हवीत. कुकरची शिट्टी आणि चहाची वाफ रोज शटरच्या खालच्या कडेला लागते. तिथली पट्टी आधी एका टोकाला किंचित सुटते, मग नखानं उचलता येते आणि आत एमडीएफ असेल तर कड पावासारखी फुगते. पट्टी यंत्रावर दाबून लावलेली असावी, खालच्या कडेची तर नक्कीच.

भिंत तपासल्याशिवाय कपाट टांगू नये. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर आणि शेजारची खोली यांच्यात अनेकदा साडेचार इंचांची भिंत असते, नव्या इमारतींत हलके एएसी ब्लॉक असतात आणि बऱ्याच टॉवरांत पूर्ण काँक्रीटच्या भिंती. तिन्हींना वेगळे फास्टनर लागतात. एका कप्प्यावर पाच-पाच किलोचे चार डबे ठेवले, की वीस किलो झाले, कपाटाचं स्वतःचं वजन वेगळं. ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकून हे वजन पेलत नाही. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल, तर आधी ओल बंद करावी. पाइप गॅसचं मीटर आणि नळी कपाटात कोंडू नये. झाकायचीच असेल तर जाळीचं दार हवं आणि कॉक सहज हाताला लागायला हवा.

कपाटाच्या वर छतापर्यंत फट ठेवली, तर तिथे तेलकट धूळ साचते आणि ती पुसायला कुणी चढत नाही. तिथे सात फुटांच्या वर बंद माळा करावा. पुरणयंत्र, गौरी-गणपतीची मोठी पातेली, फराळाचे रिकामे डबे यांची जागा तीच. आणि कपाटाच्या तळाला दिवा हवा. छतावरचा दिवा पाठीमागे असतो, त्यामुळे चिरणाऱ्याची सावली नेमकी विळीवर पडते. या दिव्याची वायर टाइल्स लागण्याआधीच ओढून घ्यावी.

हे सगळं कागदावर पटणं आणि हाताला पटणं यांत फरक पडतो. तो ऑर्डर देण्याआधी तपासता येतो. जुन्या वर्तमानपत्रांचे कपाटाच्या मापाचे तुकडे कापून भिंतीवर ठरलेल्या उंचीला चिकटवावेत आणि आठवडाभर तिथेच स्वयंपाक करावा. हात सहज पोचेल तिथे घरातल्या प्रत्येकानं पेन्सिलनं रेघ ओढावी, आजींनीसुद्धा. ओट्यावर वाकताना डोकं कुठे येतं, ते पाहावं. मग तळाची उंची, आतली मोकळी खोली, शटरचा प्रकार, प्लायचं मानक आणि फास्टनर या पाचही गोष्टी ड्रॉइंगवर लिहून घ्याव्यात, मिस्त्रीची आणि आपली सही व्हावी आणि त्यानंतरच आगाऊ रक्कम द्यावी. रंग शेवटी ठरवला तरी चालतो. सनमायका शटरवर चढायला तेव्हाही बरेच दिवस हातात असतात.