पाचर, वानर आणि तात्पर्य

उद्योगसंस्थांच्या प्रशिक्षणवर्गांत कथाकथनाचा अवलंब केल्यास कंटाळवाणे प्रशिक्षण रंजक होते व शिकवलेले लक्षात राहते, हे मत आता व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांपुरते उरलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) कौशल्याधारित अभ्यासक्रमांचा आग्रह धरल्यापासून मराठीच्या प्राध्यापकांच्या चर्चांतही ते ऐकू येऊ लागले आहे. आमच्या विद्यार्थ्याला गोष्ट सांगता येते, सबब उद्योगक्षेत्रात त्याला मागणी असली पाहिजे, असा हा युक्तिवाद. मराठीच्या पदवीधराला नोकरी मिळावी याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु प्रशिक्षणवर्गात जिला कथा म्हटले जाते ती कथा असते काय, हा प्रश्न निदान आपण तरी विचारला पाहिजे. माझे उत्तर नकारार्थी आहे. आणि हा वाद केवळ संज्ञेच्या काटेकोरपणाचा आहे असे मी मानत नाही.

या मंडळींचा आवडता पूर्वज म्हणजे विष्णुशर्मा. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना त्याने सहा महिन्यांत गोष्टींच्या द्वारे नीतिशास्त्र शिकवले, तेव्हा पंचतंत्र हे प्रशिक्षणाचे आद्य पुस्तक ठरते, असे सांगितले जाते. हरकत नाही, पण मग ते वाचावे तरी. ‘मित्रभेदा’तील पहिलीच उपकथा कामाच्या जागी झालेल्या अपघाताची आहे. देवालयाचे बांधकाम चालू आहे. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून सुतार दुपारच्या जेवणाला गेले आहेत. वानरांची टोळी येते. त्यातला एक ओंडक्यावर बसून पाचर उपसतो आणि फटीत चिरडून मरतो. तात्पर्य, नसती उठाठेव करू नये. सुरक्षा-प्रशिक्षणाला याहून सोयीची गोष्ट सापडणे कठीण.

आता ही गोष्ट मूळ संहितेत कोण कोणाला सांगतो ते पाहावे. करटक हा कोल्हा ती दमनकाला सांगतो. दोघेही मंत्रिपुत्र, दोघांचेही सिंहाच्या दरबारातील अधिकारपद गेलेले. करटकाला जोखीम नको आहे. सिंहाचे उरलेसुरले खायला मिळते, तेवढे त्याला पुरेसे आहे. म्हणून तो नेमकी ही गोष्ट निवडतो. दमनकाला ती मुळीच पटत नाही. तो प्रतिवाद करतो, सिंह आणि बैल यांचा स्नेह आधी जुळवतो व नंतर मोडतो. आणि तंत्राच्या अखेरीस बैल मेलेला असतो, दमनक मंत्रिपदी असतो. नसती उठाठेव करणाऱ्याचे कल्याण झालेले आहे! म्हणजे उपकथेचे तात्पर्य चौकटकथेनेच उलथून टाकले. (आठव्या शतकात ही कथा अरबीत नेताना इब्न अल्-मुकफ्फाला हे सोसले नसावे, दमनकावर खटला चालवून त्याला शिक्षा देणारे एक प्रकरण तेथे जोडलेले आढळते.) पंचतंत्रातील उपकथा अशा कोणा ना कोणा पात्राच्या मुखी येते, आणि त्या पात्राला तीतून काहीतरी साधायचे असते. राजपुत्र खरोखर काही शिकले असतील, तर ते सांगणाऱ्याचा हेतू ओळखायला शिकले असतील. प्रशिक्षक नेमकी उपकथा उचलतो आणि चौकट टाकून देतो.

चौकट गेली की पाचर तशीच ठेवून जेवायला कोण गेले, हे विचारायला जागाच उरत नाही. अमेरिकेच्या विमाव्यवसायातील हाइनरिख यांनी १९३१ साली विमाकंपन्यांच्या व कारखानदारांच्या नोंदींवरून ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे घडतात, असा आकडा मांडला. त्याच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. हा आकडाही एका अर्थी निवेदक पुसून टाकलेले कथनच आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडने एका असंतुष्ट कामगाराने जाणूनबुजून टाकीत पाणी सोडल्याची कथा मांडली. तीत पात्र होते, हेतू होता, कृती होती. कथनाला लागणारे सर्व काही होते. बंद ठेवलेली शीतकरण यंत्रणा आणि जोडणी तोडून ठेवलेला ज्वलनमनोरा यांना मात्र पात्र होता येत नाही. रंजक प्रशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी कथनाच्या या स्वाभाविक पक्षपाताचा विचार केल्याचे दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, बोधकथेची परंपरा आपल्याकडे आहेच. आहे, आणि ती या प्रकाराहून कितीतरी प्रामाणिक आहे. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आधी सूत्र, मग दृष्टान्त व शेवटी दार्ष्टान्तिक अशी रचना आहे. सिद्धान्त कोणता आणि गोष्ट त्याला कोणत्या अंगाने लागू पडते, हे उघड सांगितलेले असते. ज्याला सूत्र अमान्य असेल त्याला ते नाकारण्याची सोय आहे. प्रशिक्षणकथा सूत्र झाकून ठेवते आणि ते श्रोत्याला आपले आपणच सापडल्यासारखे वाटावे, अशी योजना करते. परिपत्रकातून आलेल्या आज्ञेविरुद्ध कामगार संघटनेकडे जाता येते. आपल्याच मनात उगवल्यासारख्या वाटणाऱ्या आज्ञेविरुद्ध कोठे जावे?

हे मी पदरचे सांगत नाही. जागतिक बँकेत काम केलेले स्टीफन डेनिंग हे या चळवळीचे एक प्रवर्तक. ‘द स्प्रिंगबोर्ड’ (२०००) या पुस्तकातील त्यांची प्रसिद्ध गोष्ट झांबियातील एका आरोग्यसेवकाची आहे. दूरच्या गावातून तो इंटरनेटवरून हिवतापाविषयी माहिती मिळवतो. गोष्टीत तपशील थोडकाच ठेवावा, म्हणजे श्रोता तीत स्वतःच्या संस्थेची गोष्ट रचतो, असे डेनिंग सांगतात. वोल्फगांग इझरच्या ‘रिक्त जागा’ येथे कोणालाही आठवतील. पण इझरच्या रिक्त जागा वाचकाच्या अपेक्षांना धक्का देतात, त्याला आपला अन्वय पुन्हा लावायला भाग पाडतात. डेनिंग यांची रिक्त जागा कशाने भरायची हे आधीच ठरलेले आहे. त्या गावातल्या हिवतापाच्या रोग्यांचे पुढे काय झाले, हे गोष्टीच्या प्रयोजनाबाहेर राहते.

कामाच्या जागी खरीखुरी गोष्ट नांदतच नाही, असे मात्र नव्हे. ज्यूलियन ऑर यांचा ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ (१९९६) हा ग्रंथ झेरॉक्स यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा मानववंशशास्त्रीय अभ्यास आहे. हे तंत्रज्ञ एकत्र जमले की जेवताना, दुरुस्ती करताना, चमत्कारिक बिघाडांच्या गोष्टी एकमेकांना सांगतात. माहितीपुस्तिकेत नसलेले ज्ञान त्यांतूनच फिरते. या गोष्टी तपशिलांनी गच्च भरलेल्या असतात, बाहेरच्याला कदाचित कंटाळवाण्याही वाटतील. सांगणारा आणि ऐकणारा एकाच पायरीवरचे असतात, आणि ऐकणारा आपल्या गोष्टीने उत्तर देऊ शकतो. करटक-दमनकाचे नाते यांच्याशी जुळते. प्रशिक्षणवर्गाशी नव्हे, कारण तेथे प्रतिकथेला वेळापत्रकात तास नसतो.

तेव्हा अभ्यासमंडळांना असा अभ्यासक्रम करायचाच असेल, तर त्यात पाचरीची गोष्ट अवश्य ठेवावी. फक्त परीक्षेत तिचे तात्पर्य विचारू नये. ती कोणी, कोणाला, कशासाठी सांगितली आणि ऐकणाऱ्याने काय उत्तर दिले, ते विचारावे. असे शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी उद्योगक्षेत्रात प्रशिक्षक म्हणून कितपत खपेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.