पेपरात पैकीच्या पैकी, तोंडाला मात्र कुलूप

हैदराबादच्या अफझलगंजात मुसीकाठी स्टेट सेंट्रल लायब्ररी आहे, 1891 सालचे आसफिया ग्रंथालय. तिथे अभ्यासाला बसणारी मुले बाहेर पडली की दुकानात तेलुगू, रिक्षात दखनी आणि मराठी घरातली असतील तर फोनवर मराठी बोलतात. तीन भाषा लीलया सांभाळणाऱ्या यातल्या अनेकांसाठी इंग्रजी म्हणजे फक्त पेपर.

अशा वर्गावर परमुलखातून आलेला नवा इंग्रजी शिक्षक पहिली चाचणी घेतो तेव्हा हमखास फसतो. रिकाम्या जागा भरण्यात मुलाला दहापैकी दहा; दुसऱ्या दिवशी ‘काल का आला नाहीस?’ असे इंग्रजीत विचारले की तोच मुलगा मान खाली घालतो. दुसरा एखादा धिटाईने बोलतो, पण ‘इस्कूल’ म्हणतो आणि गुण गमावतो. वास्तविक त्याचे म्हणणे पोचलेले असते. मस्कतला शिकवायला गेलेल्या मराठी शिक्षकापुढेही पेच हाच: मोजायचे काय, पाठांतर, उच्चार की भाषा?

याचे उत्तर दक्षिण भारतातच शोधले गेले. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर प्रकल्पात व्याकरणाच्या धड्यांऐवजी मुलांना नकाशे, वेळापत्रके अशी कामे देऊन इंग्रजी शिकवले. पुढे ॲलन बेरेट्टा आणि ॲलन डेव्हिस यांनी मूल्यमापन केले. व्याकरणाच्या चाचणीत जुन्या पद्धतीचे वर्ग सरस ठरले, कामांच्या चाचणीत प्रकल्पाचे. चाचणी बदलली की हुशार वर्गही बदलला! म्हणून या दोघांनी कोणत्याच बाजूला न झुकणाऱ्या चाचण्याही घेतल्या होत्या.

महाराष्ट्राने याच प्रश्नावर धरसोड केली. तोंडी परीक्षेचे गुण खिरापतीसारखे वाटले जातात म्हणून दहावीचे भाषांचे 20 गुण काढून टाकले. निकाल 2018 च्या 89.41 टक्क्यांवरून 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि गुण परत आले. तोंडी परीक्षा घ्यायची कशी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

साठ मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण केंब्रिजच्या परीक्षांत दोन उमेदवार समोरासमोर बसून बोलतात. एक परीक्षक प्रश्न विचारतो, दुसरा नुसते ऐकून गुण देतो. साठ मुलांच्या तीस जोड्या, प्रत्येकी सहा मिनिटे: तीन तासांत वर्ग संपतो. सत्रातल्या पाच तासिका पुरतात. गुण देणारा सहकारी त्याच भागातला असेल, तर ‘इस्कूल’वर अडणार नाही.

शाळांनी येत्या सत्राच्या वेळापत्रकात या पाच तासिका आधीच राखून ठेवाव्यात आणि नव्या शिक्षकाच्या जोडीला एक जुना शिक्षक द्यावा.