आरती मोकळी, पण चालीचे ऋण?

१८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा मंडपातील गाणे भाविकांच्या कंठातूनच उमटे. आज लालबाग-परळात ते ध्वनिक्षेपकावरून घुमते. आणि मंडळांपुढे प्रश्न उभा राहतो : याचे स्वामित्वधन द्यावयाचे काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीप्रसंगीच्या गायन-वादनास, तसेच ध्वनिमुद्रिका लावण्यासही मोकळीक देते. पूजा-आरतीपुरती चिंता नको. संतांच्या अभंगांचे शब्द तर सर्वांचेच; मात्र २०११ साली निवर्तलेल्या श्रीनिवास खळे यांच्या चालींना निधनोत्तर साठ वर्षे संरक्षण आहे.

रात्रीच्या वाद्यवृंदाला विधीचे हे कवच सहजी लाभणार नाही. तेथे १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएससारख्या संस्थेचा परवाना घेणेच इष्ट. गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा करारानेही हिरावला जाऊ नये, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने केली आहे.

मूर्तिकाराची मजुरी आणि मांडववाल्याचे बिल आपण भक्तीच्या नावाखाली बुडवीत नाही. मग ज्याने चाल बांधली, त्याचाच हक्क का बुडावा? वर्गणीच्या हिशेबात एक ओळ त्याचीही असावी.