बारावीला विषय किती? सहा ठेवा, पण दार बंद नको

दहावीचा निकाल लागला की माळेगाव बुद्रुकमधल्या घरांतही एक प्रश्न हमखास निघतो. अकरावी सायन्सला गणित घ्यायचे, बायोलॉजी घ्यायची, की दोन्ही? गावात अभियांत्रिकी आणि फार्मसी महाविद्यालय आहे, शेजारी शारदानगरला कृषी महाविद्यालय आहे. फार्मसी आणि कृषीला दोन्हींपैकी एक विषय चालतो. पण गणित सोडले की अभियांत्रिकी अवघड होते आणि बायोलॉजी सोडली की वैद्यकीय.

नेमके किती विषय?

राज्य मंडळाच्या बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात. एकूण ६०० गुण; पर्यावरण शिक्षणाला गुणांऐवजी श्रेणी मिळते. सायन्सला इंग्रजी सक्तीची, दुसरी भाषा किंवा त्याऐवजी आयटी, आणि उरलेले चार विषय. बायफोकल घेतल्यास २०० गुणांचा एकच विषय दोन विषयांची जागा घेतो.

इतरत्र काय?

सीबीएसईला पाच विषय पुरतात, सहावा ऐच्छिक असतो. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला बहुतेक मुले तीनच विषय घेतात, तर आयबी डिप्लोमाला सहा लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही दोन भाषा आणि चार विषय, असे सहाच सुचवले आहेत.

मग ओझे कशाचे?

ओझे सहा विषयांचे नाही, दोन परीक्षांचे आहे. एमएचटी-सीईटीच्या एका ग्रुपला आणि नीटला तीनच विषय. प्रवेश तिथल्या गुणांवर ठरतो, बोर्डाचे गुण पात्रतेपुरते उरतात. त्यामुळे मुले दोन वर्षे तीन विषय शिकतात आणि भाषा शेवटच्या महिन्यात उरकतात. विषय कमी केले तर आधी भाषाच जातील. ज्याला पुढे अहवाल लिहायचा आहे, मुलाखत द्यायची आहे, त्या ग्रामीण मुलाचे यात सर्वाधिक नुकसान आहे.

सुटलेला विषय परत मिळतो?

मिळतो, पण हे फार थोड्यांना ठाऊक असते. बारावीनंतर 'तुरळक विषय' घेऊन मंडळाची परीक्षा देता येते. अतिरिक्त विषय म्हणून नंतर दिलेली बायोलॉजीही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नीटसाठी ग्राह्य धरली.

म्हणून विषय सहाच राहावेत. मात्र पंधरा-सोळाव्या वर्षी केलेली निवड जन्माची ठरू नये. तुरळक विषयाची सोय प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या प्रवेशावेळीच पालकांना सांगावी आणि अशा मुलांना प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा खुली ठेवावी. पुण्यातल्या मुलाला हे क्लासवाला सांगतो. माळेगावच्या मुलाला ते त्याच्या कॉलेजनेच सांगायला हवे.

पालकांनी एवढेच पाहावे: मुलाची दिशा ठरली नसेल आणि झेपत असेल, तर गणित-बायोलॉजी दोन्ही ठेवा. झेपत नसेल, तर एक सोडायला घाबरू नका. मित्राने घेतला म्हणून मात्र कोणताच विषय घेऊ नका.