धान्यानं नव्हे, मत गेल्यानं

अमरावती जिल्ह्यातल्या तिवशाच्या पानठेल्यावर हल्ली एक सिद्धांत हमखास ऐकू येतो : "लोकायले फुकटचं खायची सवय लागली, आता आपलंही रोम होते." शिकलेली मंडळी पुरावाही देतात. रोमची जनता 'भाकरी आणि खेळ' यांवर भाळली आणि राज्य बुडालं. इथं रेशनचं मोफत धान्य आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार तेच करणार म्हणे.

हे खरं नाही. 'भाकरी आणि खेळ' हे शब्द उपहासकवी ज्युव्हेनलचे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. त्याची तक्रार अशी की, मत विकायलासुद्धा हाती उरलं नाही तेव्हापासून ही जनता एवढंच मागते. म्हणजे मत आधी गेलं, एवढंच मागणं नंतर आलं. आणि मत धान्यानं गेलं नाही, धान्य तर मत असतानाही होतं : स्वस्त धान्याचा कायदा गायस ग्राकसनं केला इ.स.पू. १२३ मध्ये, अधिकारी निवडण्याचा लोकांचा हक्क सम्राट टायबेरियसनं सिनेटकडे दिला इ.स. १४ मध्ये. पश्चिमेकडचं साम्राज्य त्यानंतरही साडेचार शतकं टिकलं. धान्यावर खापर फोडणं सोपं आहे, कारण धान्य गरीब खातो.

दुसरा सूर : आम्हाला नांगर सोडून येणारा, सोळा दिवसांत सत्ता सोडून शेतात परतणारा रोमचा हुकूमशहा सिन्सिनाटस हवा. ही कथा सांगणारा इतिहासकार लिव्ही चार शतकांनंतरचा. ती खरी धरली तरी रोमचं बळ त्या माणसात नव्हतं, मुदतीत होतं. सर्वोच्च अधिकारी म्हणजे कॉन्सल दोन आणि वर्षभराचे, हुकूमशहा फार तर सहा महिन्यांचा. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात हुकूमशहा झाला, तेव्हा मोडली ती मुदत.

रोमकडून घ्यायचं तर हे घ्या. आपल्या संविधानाच्या २४३-ई कलमानं पंचायतींना, म्हणजे जिल्हा परिषदांनाही, पाच वर्षांची मुदत दिली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्या असंही बजावलं आहे. तरी अमरावती जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला आणि तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. कारण होतं, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. मान्य. प्रशासक म्हणजे सीझर नव्हे, हेही मान्य. पण मुदत मोडायला रोममध्येही दरवेळी चांगलंच कारण सापडत होतं. शाळेचं छप्पर गळतं, पांदण रस्ता चिखलात जातो, तेव्हा तिवशाच्या माणसानं कोणाला पाडायचं? अधिकाऱ्याला मतानं पाडता येत नाही.

म्हणून रेशनकार्डाकडे बोट दाखवणं थांबवा. मागणी एकच करा : मुदत संपायच्या सहा महिने आधी गटरचना आणि आरक्षण पुरं करणं सरकारवर बंधनकारक हवं. वाद चालू असला तरी मतदानाची तारीख हलता कामा नये.